अर्धशिशी, सुंठेचा लेप आणि कात्रीने कापलेल्या दोन गोळ्या

परळ स्टेशनबाहेर आमचं औषधांचं दुकान आहे. गल्ल्याशेजारी दोरीला बांधलेली एक कात्री लटकत असते, आणि दिवसभरात ती सगळ्यात जास्त चालते ती डोकेदुखीच्या गोळ्यांवर. "ताई, डोक्याच्या दोन द्या." अख्खी पट्टी मागणारं गिऱ्हाईक क्वचितच. दोन कापून घ्यायच्या, एक तिथल्या तिथे बाटलीतल्या घोटाबरोबर गिळायची, दुसरी पर्सच्या कप्प्यात टाकायची आणि ब्रिज चढायचा. दोन दिवसांनी पुन्हा तेच. गोळ्या अशा सुट्या सुट्या येतात-जातात, त्यामुळे महिन्याला किती झाल्या हे ना घेणारीला कळतं, ना तिच्या घरच्यांना. मला मात्र चेहरे लक्षात राहतात.

यातल्या एखादीला बोलतं केलं की पुढची यादी ऐकायला मिळते. सुंठ उगाळून कपाळाला लावते. सूर्य उगवायच्या आत पाच दिवस जिलेबी-दूध घेतलं. नाकात तूप सोडते. एकीने तर कानाच्या आतली कुर्चा टोचून घेतली होती. आणि शेवटी हमखास प्रश्न: "यातलं खरं काय हो, ताई?" गल्ल्यावर रांग असताना याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण अर्धशिशी आमच्या घरात आजीपासून आहे, त्यामुळे उपाय विकण्याआधी मी ते कपाळावर लावून पाहिलेले आहेत.

पित्ताचं डोकं

मराठी घरात अर्धशिशीला पुष्कळदा अर्धशिशी म्हणतच नाहीत. "पित्ताने डोकं उठलंय" म्हणतात. असं का वाटतं ते समजण्यासारखं आहे. आधी मळमळ, मग एका कानशिलात ठणका, मग उलटी. आणि उलटी झाली की अनेकांना हलकं वाटतं. पित्त पडलं, सुटलो. माझी आई मिठाचं कोमट पाणी पिऊन घशात बोटं घालायची आणि मग दार लावून निजायची.

पण हा हिशोब उलटा मांडलेला आहे. दुखणं पोटातून डोक्यात चढत नाही. झटका मेंदूत सुरू होतो आणि मळमळ हा त्याचाच एक भाग असतो. त्या वेळात जठराचं काम मंदावतं, पोटातलं पुढे सरकत नाही. म्हणून तर ठणका पुरता चढल्यावर घेतलेली गोळी पोटात नुसती पडून राहते आणि बाई म्हणते, "गोळी लागूच पडत नाही." वेळेवर घेतलेली एक गोळी आणि दोन तास उशिरा घेतलेल्या तीन गोळ्या यांत पहिलीच बरी. रोज सकाळी उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या ॲसिडिटीच्या कॅप्सूल मी ढिगाने विकते. ज्यांना खरंच आम्लपित्त आहे त्यांना त्याचा उपयोग होतो, अर्धशिशी मात्र त्यांनी थांबत नाही.

दुसरं टोपणनाव म्हणजे सायनस. २००४ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. आपली डोकेदुखी सायनसची आहे असं मानणाऱ्या किंवा तसं सांगितल्या गेलेल्या २,९९१ जणांना तपासलं, तर त्यांतल्या ८८ टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीच्या व्याख्येत बसली. नाक चोंदणं, डोळ्यांतून पाणी येणं हे अर्धशिशीतही होतं, कारण चेहरा, डोळे आणि नाकाच्या आतल्या अस्तराची संवेदना वाहणारी नस एकच आहे. तिचं नाव ट्रायजेमिनल.

सगळा खेळ या नसेचा. मेंदू स्वतः दुखू शकत नाही, त्याच्याभोवतीचं आवरण आणि तिथल्या रक्तवाहिन्या दुखतात, आणि तिथवर पोचलेली टोकं याच नसेची असतात. झटक्यात ही टोकं सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात. रक्तवाहिन्या फुगतात, आजूबाजूला दाह होतो, आणि दर ठोक्याला "दुखतंय" हा निरोप वर जात राहतो. ठसठस म्हणतात ती ही. ही साखळी उलगडणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ साली मेंदूविज्ञानाचं ब्रेन प्राइझ मिळालं.

काहींना डोकं दुखण्याआधी काजवे दिसतात, चमकणाऱ्या नागमोडी रेषा. याची एक गोष्ट मला फार आवडते. कार्ल लॅशली नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला स्वतःला असे काजवे दिसायचे. त्याने घाबरून डोळे मिटण्याऐवजी त्या रेषा कागदावर काढल्या, वेळ मोजली आणि १९४१ साली गणित मांडलं की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकत असलं पाहिजे. तीनच वर्षांनी, १९४४ मध्ये, लेआओ या ब्राझिली संशोधकाने सशाच्या मेंदूत अशी संथ लाट प्रत्यक्ष नोंदवली. "नजर लागली", "डोळे कमजोर झाले" याच्यामागे अशी एक मोजता येणारी लाट आहे.

पंधराचा आणि दहाचा आकडा

अर्धशिशीचा एक झटका उपचार न केल्यास ४ ते ७२ तास चालतो. महिन्यातून दोनदा, चारदा झटका येणं ही साधी अर्धशिशी. पण महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, त्यांतले किमान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणं असतील आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात. दोन्हींमधला फरक नुसता आकड्याचा नाही. जुनाट अवस्थेत त्या नसेची आणि मेंदूची दुखण्याची पातळीच खाली येते. एरवी ज्याने काही झालं नसतं, एखादी अगरबत्ती किंवा दोन तास लांबलेलं जेवण, तेवढंही पुरतं.

साधीची जुनाट होण्याची कारणं बरीच आहेत: झोप, वजन, ताण, बायकांमध्ये मासिक पाळीआधी खाली येणारं इस्ट्रोजेन. पण एक कारण माझ्या कात्रीतून जातं. साध्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन वगैरे, महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या की गोळ्याच डोकेदुखी तयार करू लागतात. ज्या गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात, जशी कॅफिन घातलेली, किंवा जी एर्गोटामिन वा ट्रिप्टान या अर्धशिशीच्या खास औषधांची असते, तिथे ही मर्यादा फक्त १० दिवसांची आहे. गोळ्या मोजायच्या नाहीत, दिवस मोजायचे. एका दिवशी दोन घेतल्या तरी दिवस एकच.

दहा दिवस म्हणजे आठवड्याला अडीच. दर दोन दिवसांनी दोन कापून नेणारी बाई ही रेषा कधीच ओलांडून गेलेली असते, आणि तिला वाटत असतं की आपण "जास्त गोळ्या घेत नाही, दोनच तर घेते."

म्हणून माझा पहिला घरगुती उपाय कुठल्याच पाल्यात किंवा मसाल्यात नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं ना, ज्यावर दुधाचे खाडे लिहितो, तेच. डोकं उठलं त्या चौकोनात ठिपका, गोळी घेतली तर फुली. पाळीचे दिवस, उपवासाचे दिवस त्यात आपोआप दिसतात. याच्याशिवाय खालच्या कुठल्याही उपायाबद्दल "मला फरक पडला" म्हणण्याला काही अर्थ नाही. झटका असाही एक-दोन दिवसांत उतरणारच असतो. तो उतरताना हातात जे काही असेल त्याला श्रेय मिळतं.

डोकं उठल्यावर करायचं

बर्फ. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी मान मिळालेला. हवाईत झालेल्या एका छोट्या चाचणीत गारठवलेली पट्टी मानेच्या पुढच्या बाजूला, जिथून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात तिथे ठेवली. अर्ध्या तासात दुखणं कमी झालं. आपण सगळे कपाळावर ठेवतो, तेही चालेल, पण मानेवर ठेवून बघा. घट्ट फडकं बांधण्याची आजीची पद्धतही वाईट नाही. दाबाने बऱ्याच जणांना बरं वाटतं.

बाम. पिवळ्या बामची बाटली आपल्याला मद्रासची वाटते. पण अमृतांजन १८९३ साली मुंबईत सुरू झालं, काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी काढलं, आणि मद्रासला गेलं ते पुढे १९१४ साली. गंमत अशी की बाममधल्या मेन्थॉलला आता शास्त्रातही जागा आहे. आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारी एक कडी असते, टीआरपीएम८ म्हणतात तिला. मेन्थॉल तीच वाजवतो. आणि अर्धशिशी कुणाला होते याचा जनुकीय शोध घेतला तेव्हा ज्या जागा सापडल्या, त्यांत याच कडीचं जनुक होतं. इराणमध्ये २०१० साली १० टक्के मेन्थॉलचं द्रावण कपाळ-कानशिलांवर लावून पाहिलं, ते बिनऔषधी द्रावणापेक्षा सरस ठरलं. मात्र झटक्यात वास सहन न होणारे पुष्कळ असतात. त्यांनी बामचं झाकणही उघडू नये. लोकलच्या डब्यात शेजारणीला विचारून लावावा ही विनंती मी स्वतःसाठी करतेय.

आलं आणि सुंठ. यावर चक्क चांगला प्रयोग आहे. इराणमध्येच १०० रुग्णांवर सुंठेची २५० मिलीग्रॅम पूड आणि सुमाट्रिप्टान हे अर्धशिशीचं खास औषध यांची तुलना झाली, निकाल २०१४ मध्ये आला. दोन तासांनी दोन्ही गटांना जवळपास सारखा आराम. २५० मिलीग्रॅम म्हणजे चिमूटभर, काढा उकळायची गरज नाही. त्या प्रयोगात बिनऔषधी गोळीचा तिसरा गट नव्हता, एवढी त्रुटी ध्यानात ठेवा. मळमळीवर मात्र आल्याचा गुण जुना आणि भक्कम आहे. पण रोज आलं घेऊन झटके टळतात का, हे ब्राझीलमध्ये तीन महिने तपासलं तेव्हा बिनऔषधी कॅप्सूलपेक्षा काही वेगळं दिसलं नाही. थोडक्यात, डोकं उठू लागताच चिमूटभर सुंठ कोमट पाण्यातून घ्या, रोजच्या चहात आलं चवीसाठी घाला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सुंठेचा लेप? सहाणेवर उगाळून कपाळाला लावलेला लेप चुरचुरतो, त्या चुरचुरीत ठणका थोडा मागे पडतो. पण माझं मत असं की त्याचा खरा गुण वेगळा आहे. कपाळाला लेप लावून कोणी उभ्याने पोळ्या लाटत नाही. लेप लागला की घरातली बाई आडवी होते, खिडकी लावली जाते, पोरं दबक्या आवाजात बोलतात. अंधार, शांतता आणि पडून राहणं हा अर्धशिशीचा उपचारच आहे, आणि आमच्या घरांत तो मागून मिळत नसे. लेप लावल्यावर मिळे. फक्त तो रात्रभर ठेवू नका, कातडी भाजते.

चहा-कॉफी दुधारी आहे. कॅफिन वेदनाशामक गोळीचा जोर वाढवतं, म्हणून गोळ्यांत घालतात. पण रोज २०० मिलीग्रॅमहून जास्त सवय असलेल्याला ते मिळालं नाही की चोवीस तासांच्या आत डोकं उठतं. दिवसाला सहा-सात कप पिणाऱ्यांचं रविवारी उशिरा उठल्यावर जे डोकं दुखतं, त्यात पहिला चहा चुकण्याचा वाटा असतो. उशिराच्या झोपेचाही.

जिलेबी-दूध

सूर्योदयाआधी जिलेबी आणि दूध हा उपाय मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि आयुर्वेदात सूर्याबरोबर चढणाऱ्या-उतरणाऱ्या डोकेदुखीला सूर्यावर्त असं नाव आहे, त्यामुळे तो कुठून आला असावा हेही दिसतं. लोक हसतात. मी हसत नाही. लवकर उठणं, रिकाम्या पोटी न राहणं, पाच दिवस एकाच वेळी खाणं, यातली शिस्त अर्धशिशीच्या मेंदूला मानवतेच. त्याला बदल आवडत नाही, मग तो झोपेचा असो, जेवणाचा की हवेचा.

उरलेला भाग विश्वासाचा. विश्वास किती ओढतो हे २०१४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ६६ रुग्णांवर मोजलं. रायझाट्रिप्टान हे खरं औषध पाकिटावर "बिनऔषधी गोळी" लिहून दिलं, आणि बिनऔषधी गोळी "रायझाट्रिप्टान" लिहून दिली. दोन्हींचा परिणाम सारखाच निघाला. म्हणजे नुसत्या नावाने अर्धं काम केलं. तेव्हा जिलेबीने बरं वाटलं म्हणणारी खोटं बोलत नाही. मात्र मधुमेह असेल तर हा प्रयोग करू नका, आणि महिन्याने कॅलेंडरवरचे ठिपके कमी झालेत का ते बघा.

उलट ज्याला कोणी उपाय किंवा अपाय मानत नाही अशा दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, डोक्यावरून न्हाणं. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात अशा ९४ भारतीय रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांचा झटका केस धुण्याने सुरू होत होता. पाश्चात्त्य यादीत हे कारण नव्हतंच. आपल्याकडे मात्र "न्हायले की डोकं दुखतं" हे आई-आजी कधीपासून सांगत होत्या आणि त्यांना कोणी विचारत नव्हतं. सकाळी घाईत न्हाऊन ओल्या केसांचा अंबाडा घालून गाडीला पळणाऱ्या बायकांना मी एवढंच सुचवते की न्हाणं सुट्टीच्या दिवशी निवांत ठेवा, केस सुकवा, मग बघा.

दुसरी गोष्ट उपवास. चतुर्थीला चंद्रोदयापर्यंत निर्जळी राहिलेल्यांचा दुसऱ्या दिवशी माझ्या गल्ल्यावर मेळा भरतो. जेवण चुकणं हे सगळ्यात पक्क्या कारणांपैकी आहे. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, ते माझं काम नाही. दर तीन-चार तासांनी फळ, राजगिरा, ताक घेऊन केलेला उपवास देवाला चालतो असं माझी आई म्हणते.

चॉकलेट आणि आंबट पदार्थांवर उगाच आळ येतो. झटका दुखायच्या आधीच, काही तास ते दीड दिवस, सुरू झालेला असतो. जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं. आपण गोड खातो, मग डोकं उठतं, आणि गोडावर खापर फुटतं.

रोज घ्यायचं, रोज करायचं

जीवनसत्त्व बी-२, म्हणजे रायबोफ्लेव्हिन: बेल्जियममध्ये १९९८ साली ५५ जणांना रोज ४०० मिलीग्रॅम किंवा बिनऔषधी गोळी तीन महिने दिली. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले ते बी-२ घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांत आणि दुसऱ्या गटातल्या १५ टक्क्यांत. अभ्यास लहान आहे, पण औषध निरुपद्रवी आहे. लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका. इथे एक घोटाळा मी रोज पाहते. "बी-कॉम्प्लेक्स चालू आहे की" असं लोक म्हणतात. त्या कॅप्सूलमध्ये बी-२ साधारण १० मिलीग्रॅम असतं. चाळीस कॅप्सूल कोणी घेत नाही.

मॅग्नेशियमचीही अशीच गोष्ट, जर्मनीत १९९६ साली रोज ६०० मिलीग्रॅमने झटके सुमारे ४२ टक्क्यांनी घटले, बिनऔषधी गटात १६. पोट सैल होतं, आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ते घेऊ नये. ही दोन्ही डॉक्टरांशी बोलून तीन महिने घेऊन पाहण्यासारखी आहेत. आठ दिवसांत फरक शोधू नका.

योगाबद्दल आपल्याकडे एकतर भक्ती असते किंवा टिंगल. दिल्लीच्या एम्सने २०२० साली नीट चाचणी केली. नेहमीची औषधं चालू ठेवून एका गटाला योग जोडला, ११४ जणांची तीन महिन्यांची नोंद झाली. योग गटात महिन्याचे झटके ९.१ वरून ४.७ वर आले, नुसत्या औषधांच्या गटात ७.७ वरून ६.८. हे साध्या अर्धशिशीचे रुग्ण होते, जुनाट अवस्थेचे नव्हते, आणि औषध सोडून योग असं कुणी केलं नव्हतं. आसनं नको असतील तर नुसता व्यायामही चालतो. स्वीडनमध्ये २०११ साली आठवड्यातून तीनदा ४० मिनिटांचा व्यायाम टोपिरामेट या औषधाइतकाच उपयोगी ठरला. मुंबईत योगवर्ग शोधायला लागत नाही, सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट तर १९१८ पासूनची. अडचण असते ती वेळेची. डोंबिवलीहून परळला रोज येणारी बाई तीन तास गाडीत उभी असते. तिला मी "व्यायाम करा" म्हणत नाही. आधी एक स्टेशन चालून या, म्हणते.

ॲक्युपंक्चरचे आकडे विचार करायला लावणारे आहेत. २०१६ च्या मोठ्या आढाव्यात २२ चाचण्या होत्या. सुया टोचून घेतलेल्या शंभरांतल्या ४१ जणांचे झटके निम्मे झाले, नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांत १७ जणांचे. पण ज्या चाचण्यांत तुलना नाटकी सुयांशी होती, तिथे सुया नाटकी, चुकीच्या जागी टोचल्या तरी ४१ जणांना उपयोग झाला, तर खऱ्या सुयांनी ५० जणांना. म्हणजे गुण आहे, पण त्यातला मोठा वाटा सुईच्या नेमक्या जागेचा नाही. सुया नव्या, एकदाच वापरायच्या असतील आणि खिशाला परवडत असेल तर जरूर जा. होमिओपॅथीच्या नियंत्रित चाचण्यांत मात्र साबुदाण्याच्या गोळीचा नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त गुण दिसला नाही. ती चालू असेल तर निदान खरं औषध तिच्यासाठी बंद करू नका.

जिथे मी हात जोडते

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे मला मान्य नाही. एर्गोटामिन राय धान्यावरच्या बुरशीतून आलं आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. बटरबर नावाच्या वनस्पतीला अमेरिकी मज्जातज्ज्ञांनी २०१२ मध्ये सर्वोच्च दर्जा दिला होता, आणि यकृताला इजा होण्याच्या भीतीने २०१५ मध्ये ती शिफारस काढून घेतली.

बिनलेबलच्या पुड्या घेऊ नका. २००८ साली अमेरिकेत, इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, आणि रसौषधींमध्ये, म्हणजे धातू-भस्मं घातलेल्या औषधांमध्ये, हे प्रमाण ४१ टक्के होतं. शिशाने स्वतःच डोकं दुखतं. आयुर्वेदाची चिकित्सा हवी असेल तर रीतसर शिकलेल्या वैद्याकडे जा, वरळीला पोदार रुग्णालय आहे, आणि औषधाचं नाव लिहून मागा. नाकात तेला-तुपाचे थेंब घरच्या घरी, मनाने, रोज सोडणंही टाळा. ते श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते.

सलूनमधली चंपी खुशाल करून घ्या. पण शेवटी हनुवटी धरून मान कडकन मोडतात ना, तिथे "नको" म्हणा. त्या हिसक्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. आणि कानाची आतली कुर्चा टोचून अर्धशिशी जाते याला पुरावा नाही. भिकबाळी शोभेसाठी घाला. कुर्चेला पू झाला तर लवकर बरा होत नाही, कारण तिथे रक्तपुरवठा कमी असतो.

काही डोकेदुखींना घरी थांबायचंच नसतं: क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यात पहिल्यांदाच इतकी जबर, ताप आणि आखडलेली मान, हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली, डोक्याला मार लागल्यावरची, गरोदरपणातली. तेव्हा सुंठ नको, टॅक्सी. आणि काजवे दिसणारी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेन असलेली कुटुंबनियोजनाची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगा, पक्षाघाताचा धोका वाढतो.

"मला बीपी नाही, मग बीपीची गोळी का?"

महिन्याला चार-पाच किंवा अधिक दिवस डोकेदुखीत जात असतील तर झटका टाळणारी रोजची औषधं असतात, आणि इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतो. चिठ्ठीवर प्रोप्रॅनोलॉल असतं, घरी मुलगा गुगलवर बघतो, रक्तदाबाची गोळी निघते. ॲमिट्रिप्टिलिन नैराश्याची निघते, टोपिरामेट फिटची. मग "डॉक्टरने मला वेडी समजलं" म्हणून चिठ्ठी ड्रॉवरमध्ये जाते. ही औषधं त्या आजारांसाठी निघाली खरी, पण अर्धशिशीत ती वेगळ्या, बहुधा कमी मात्रेत, मेंदूची संवेदनशीलता उतरवायला देतात. परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, मूल हवं असेल तर व्हॅल्प्रोएट हे फिटचंच दुसरं औषध चालत नाही, म्हणून ती शेजारणीच्या चिठ्ठीवरून घ्यायची नसतात. जुनाट अवस्थेसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत, डोक्या-मानेवर ३१ ठिकाणी, दर १२ आठवड्यांनी. सीजीआरपीला अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून आली. ती महाग आहेत. केईएम, सायन, नायर इथे मज्जाविकारांची ओपीडी आहे, तिथे सुरुवात करा.

गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक, शिवडीला राहणारी, शाळेत शिपाई. सप्टेंबरच्या पानाचा फोटो तिने मला मोबाईलवर दाखवला: १९ ठिपके, १६ फुल्या. हा आकडा बघून तीच आधी खाली बसली. केसपेपरबरोबर ते पानच घेऊन ती ओपीडीत गेली. तिथल्या डॉक्टरांनी रोजचं औषध सुरू केलं आणि डोक्याची गोळी पूर्ण बंद केली. सुटताना दुखणं आधी वाढतं, बहुधा दोन ते दहा दिवस, हे तिला सांगितलेलं होतं. तरी ऐकणं वेगळं आणि भोगणं वेगळं. सहाव्या दिवशी संध्याकाळी ती काउंटरशी आली, डोळे सुजलेले, पदर कपाळावर ओढलेला. माझा हात सवयीने कात्रीकडे गेला.

"नको," म्हणाली, "ती फ्रीजरमध्ये ठेवायची जेलची पिशवी असते ना, ती द्या. किती वेळ ठेवायची आत?"

दोन तास, आणि लावताना पंच्यात गुंडाळून.